मन चिंती ते वैरी न चिंती

आज एक प्रश्न विचारायचा आहे. उत्तर मला कळवू नका, मनातल्या मनात द्या. गेल्या आठ दिवसांत तुम्ही स्वतःला किती वेळा टाकून बोललात?

शेजाऱ्याला बोललेला शब्द माणसाच्या लक्षात राहतो, कारण शेजारी तो परत करतो. स्वतःला बोललेला शब्द कोण मोजणार? चाळीतला कांदा सडला, की निफाडकडचा शेतकरी म्हणतो, "भाव चढेल म्हणून थांबलो, माझीच अक्कल शेण खायला गेली होती." अवकाळी पाऊस येतो, द्राक्षाचे मणी तडकतात, आणि बागेचा धनी बांधावर बसून म्हणतो, "मी हात लावला की सोन्याची माती होते." आता पाऊस काय त्याच्या हुकुमाने आला होता? पण म्हणतो खरा. घरात माउलीची भाकरी करपली, की "माझ्या हाताला चवच नाही." मुलगा दहावीला गणितात गेला, की "आपल्या डोक्यात भुसाच भरलाय." एकदा म्हटले तर ती चिडचीड झाली. रोज म्हटले की तो जप होतो. आणि जप कशाचाही करा, तो अंगी मुरतो.

आपल्याकडे जुनी म्हण आहे, मन चिंती ते वैरी न चिंती. या मनाच्या वैराला आपल्याच नाशिकजवळच्या एका बाईंनी ख्रिस्ताच्या भक्तीने कसे तोंड दिले, ते आज सांगायचे आहे. त्या बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या. ही गोष्ट वाचायला ख्रिस्ती असावे लागत नाही. मीठ-भाकरी सगळ्यांच्या घरी सारखीच लागते, आणि रात्री दोन वाजता मनाला लागलेली टोचणीही.

नाशिकहून गंगापूरच्या रस्त्याला लागले, की गोदावरीच्या काठी जलालपूर हे गाव आहे. तिथे गोखल्यांच्या घरी 1868 साली ही मुलगी जन्मली. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात मनू. घर खाऊनपिऊन होते, पण त्या घराला एक भीती चिकटलेली होती. मनूच्या आजोबांना, म्हणजे तिच्या वडिलांच्या सासऱ्यांना, 1857 च्या बंडात फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांचे मन जे फिरले, ते सोवळ्याच्या वेडाकडे. आपल्याला विटाळ झाला, घराला झाला, बाजारातून आलेल्या जिनसाला झाला. मग धुवा, पुन्हा धुवा. कोणी दारातून नुसते गेले तरी जीव धास्तावलेला. बायकोपोरांचा त्या धुण्यापुसण्यात पिट्ट्या पडत असे. लक्ष्मीबाईंनी हे सगळे पुढे हसत हसत लिहिले आहे, म्हणून वाचतानाही हसू येते. पण पुस्तक मिटले की ध्यानात येते, की लहान पोरीने हे रोज पाहिले होते. "तू अशुद्ध आहेस, कितीही धुतलेस तरी अशुद्धच" हा आवाज त्या घराच्या भिंतींतून येत होता.

इथे जरा थांबू या. आपण स्वतःला जे वाईट बोलतो, ते मुळात आपले असते का? बहुतेक वेळा नसते. कोणीतरी लहानपणी बोललेले असते. मास्तरांनी वर्गात 'ढ' म्हटलेले असते. सासऱ्याने चारचौघांत 'बिनकामाची' म्हटलेले असते. बोलणारा विसरून जातो, कधी मरूनही जातो. त्याचा आवाज मात्र आपल्या घरात पाहुणा म्हणून येतो आणि मालक होऊन बसतो.

अकरा-बारा वर्षांच्या मनूचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक मूळचे कोकणातले, शिकायला नाशिकला आलेले. बुद्धी तेज, कवित्व अंगात भिनलेले, आणि व्यवहार मात्र शून्य. घरात पैसा आला की गरजूला देऊन मोकळे. मनात आले की गाव सोडून निघाले. सासरेबुवा कडक. पोरीला शाळा ठाऊक नव्हती. टिळक कधी लहर लागली की शिकवायला बसत, कधी चिडून पुस्तक भिरकावत. ज्या बाईने पुढे मराठीतले एक उत्तम आत्मचरित्र लिहिले, तिची अक्षरओळख अशी रडतखडत झाली, हे आपल्या 'ढ' पोरांना जरूर सांगा.

मग 1893 सालची ती आगगाडी. टिळक राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. बोलणे कवितेवरून धर्मावर आले. त्याने टिळकांना नवा करार भेट दिला. टिळक वाचत गेले, आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी अडले ते अडलेच. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरी काय झाले असेल, त्याची कल्पना करा. त्या काळातले कर्मठ घर. लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या, पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. कुंकू आहे आणि संसार नाही. अशा वेळी गावाच्या तोंडाला काय काय येते, ते तुम्हांला सांगायला नको. नवऱ्याचा निर्णय नवऱ्याचा, पण बोल बायकोच्या कपाळी. पंढरपुरात नातलगांकडे त्यांनी दिवस काढले. त्या खचल्या, दुखणेकरी झाल्या. दुःख आवरेना, तेव्हा ते ओव्या-पद्यांतून बाहेर पडू लागले. शिक्षण नसलेल्या बाईची कविता तिथे सुरू झाली.

काही वर्षांनी त्यांनी ठरवले, नवऱ्याजवळ राहायचे, पण आपला धर्म सोडायचा नाही. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्या आल्या आणि वेगळी चूल मांडून राहिल्या. माझ्या मते या बाईचे मोठेपण इथे पहिल्यांदा दिसते. नातलगांनी केलेला धाक मानला नाही आणि नवऱ्याच्या मागोमाग डोळे मिटूनही गेली नाही. टिळकांनीही ओढाताण केली नाही. ते वाट पाहत राहिले.

उलगडा झाला तो राहुरीला. विटाळाची भीती तर अंगात होतीच. पण डोळ्यांपुढे माणसे दिसत होती. वेगवेगळ्या जातींची, एका देवाला हाक मारणारी, दुष्काळात अनाथ पोरे उराशी धरणारी. लक्ष्मीबाई मनाशी विचार करू लागल्या. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जन्माला येण्याची रीत वेगळी ठेवली असती, मरणाची वेगळी ठेवली असती. तसे तर काही दिसत नाही. मग हे सगळे माणसाचेच करणे. एवढे पटले, आणि आजवर ज्यांच्या हातचे घेतले नव्हते त्यांच्या हातचे पाणी त्या प्याल्या. आकाश कोसळले नाही. 1900 साली त्यांनी दत्तूसह बाप्तिस्मा घेतला.

तुम्ही म्हणाल, हा तर जातिभेदाचा प्रश्न झाला, स्वतःला टाकून बोलण्याशी त्याचा काय संबंध? जवळचा संबंध आहे. जो आवाज "तो अशुद्ध" असे सांगतो, तोच आवाज उलटून "तूही अशुद्ध" सांगत असतो. जलालपूरच्या त्या घरात सर्वांत जास्त कोण पोळले? दारावरून जाणारा माणूस तर पुढे निघून गेला. पोळले ते धुणारे हात.

ख्रिस्ती शास्त्रात याच दुखण्यावर एक गोष्ट आहे. ती मला आपल्या बायाबापड्यांना मुद्दाम सांगायची आहे. एका बाईला बारा वर्षे अंगावरून जात होते. होते नव्हते ते वैद्यांना देऊन झाले, गुण नाही. त्या काळच्या यहुदी नियमाप्रमाणे ती विटाळशी, तिने कोणाला शिवायचे नाही. बारा वर्षे! येशू गर्दीतून चालला होता. ही मागून आली. शुभवर्तमानात असे लिहिले आहे, की ती आपल्या मनाशी बोलत होती. पण काय बोलत होती पाहा. मी अशी, मी तशी, असे नाही. नुसत्या वस्त्राला हात लागला तरी मी बरी होईन, असे ती मनाशी म्हणत होती. तिने हात लावला. येशू थांबला, विचारू लागला, कोण शिवले? बाई थरथर कापत पुढे आली. आता सगळ्या गर्दीसमोर शिव्या बसणार, असेच तिला वाटले असणार. त्याने तिला 'मुली' म्हणून हाक मारली.

बारा वर्षांत तिला या नावाने कोणी हाक मारली असेल का?

दुसरी गोष्ट तर शेतकऱ्याच्या घरातलीच आहे. धाकट्या मुलाने बापाच्या जिवंतपणी वाटणी मागितली, विकून परगावी गेला आणि उधळून बसला. दुष्काळ पडला. डुकरे राखायची पाळी आली, त्यांच्या पुढच्या शेंगा खाव्यात असे वाटू लागले. तेव्हा तो घरी निघाला, आणि वाटेने भाषण पाठ करू लागला. बाबा, मी तुमचा मुलगा म्हणवून घेण्याच्या लायकीचा राहिलो नाही, मला एखाद्या सालगड्यासारखा ठेवून घ्या. अशी भाषणे आपण सगळेच पाठ करतो, नाही का? सोसायटीचे हप्ते थकले की बायकोपुढे बोलायचे, नापास झालो की आईपुढे बोलायचे. पण म्हाताऱ्याने त्याला लांबूनच पाहिले आणि तो धावत सुटला. पोराने भाषण सुरू केले. गंमत अशी, की सालगड्याचे वाक्य त्याच्या तोंडून बाहेरच पडले नाही. बाप मध्येच गड्यांना ओरडून सांगू लागला, चांगला अंगरखा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडा घाला.

चूक झाली होती, हे बापाने नाकारले नाही. 'आपल्या पोराने काहीच केले नाही' असे तो म्हणाला नाही. मात्र चुकीवरून पोराचे नाव ठरवायला त्याने नकार दिला. ख्रिस्ती श्रद्धेचा मुद्दा मला समजला तो एवढाच. "माझी चूक झाली" हे देवापुढे कबूल करायचे, स्पष्ट शब्दांत, एकदा. आणि "मीच चुकीचा" हे म्हणण्याचा हक्क सोडून द्यायचा, कारण तो निकाल देणारा दुसरा आहे आणि तो आपल्यापेक्षा दयाळू आहे. हे "मी फार हुशार, मी फार गुणी" असे आरशापुढे घोकण्यापेक्षा निराळे आहे. घोकलेल्या कौतुकावर आपलाच विश्वास बसत नाही.

एक कडू गोष्टही लिहिली पाहिजे. धर्माच्या नावाने याच्या नेमके उलटेही करता येते. उठता बसता "तू पापी, तू पापी" असे सांगून माणसाला आणखी खाली दाबणारे प्रत्येक धर्मात भेटतात, ख्रिस्ती धर्मातही. कबुली करून वर उठायचे असते. पेरलेले बी रोज उकरून पाहिले तर ते उगवत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

नाशिकमध्ये शरणपूर म्हणून भाग आहे. आज तिथून रिक्षा आणि मोटारींची रांग जाते. 1850 च्या दशकात मिशनऱ्यांनी ती वसाहत वसवली. आसऱ्याचे गाव म्हणून शरणपूर. तिथल्या शाळेत एके काळी आफ्रिकेची मुलेही शिकत होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली ही मुले, ज्यांना बाजारात गुरांसारखी किंमत लावली जात होती. त्यांतला जेकब वेनराइट पुढे डॉ. लिव्हिंग्स्टनच्या तुकडीत गेला, आणि 1874 साली त्यांचा देह घेऊन लंडनला पोचला. 'तू विकायची वस्तू' असे ज्याला लहानपणी शिकवले, तो मोठमोठ्या मानकऱ्यांच्या बरोबरीने शवपेटीला हात देऊन उभा राहिला. नाशिकच्या मातीने असेही पाहिले आहे.

पुन्हा लक्ष्मीबाईंकडे येऊ. बाप्तिस्मा झाला म्हणजे मनाची कुरकुर जादूने थांबली, असे समजू नका. टिळक तसेच राहिले, घरात पैसा टिकेना, पाहुणे हटेनात. नवराबायकोची भांडणे होत, आणि ती त्यांनी पुस्तकात लपवली नाहीत. बदल झाला तो निराळाच. हात धुण्यात गुंतलेले हात दुसऱ्याच्या कामाला लागले. दुष्काळातली अनाथ पोरे घरात आली. नगरला प्लेग आला, लोक रोग्याला सोडून पळत होते, तेव्हा या बाईंनी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली. विचार करा, शिवाशिवीच्या धास्तीत वाढलेली मुलगी प्लेगच्या बिछान्याशी बसली होती. बालकवी ठोंबरे पोरवयात त्यांच्याच घरी राहून गेले, त्यांनाही त्यांनी आईसारखे वाढले. "मी कशी आहे" हे पाहायला तिथे सवडच कुठे होती?

आणि दुसरा बदल म्हणजे हसणे. 'स्मृतिचित्रे' उघडा. स्वतःची फजिती ही बाई जितक्या मजेने सांगते, तितक्या मजेने आपण दुसऱ्याचीही सांगत नाही. तिला जे जमले नाही, समजले नाही, जिथे ती बावळटासारखी वागली, ते सगळे आहे. पण त्यात कुठे कण्हणे नाही. ज्याला आपण कोणाचे तरी लाडके आहोत याची खात्री असते, त्यालाच स्वतःवर असे हसता येते. घरात पाहा ना, ज्या लेकराला आई जवळ घेते, ते पडले तरी हसते. ज्याला मार बसणार असतो, ते पडण्याआधीच रडते.

आता तुमच्या-आमच्या रोजच्याकडे. भाविक ख्रिस्ती घरांत संध्याकाळी कुटुंबाने बसून प्रार्थना करण्याची रीत आहे. आपल्याकडे शुभंकरोती आणि हरिपाठ आहे, तसेच. त्या वेळी दिवसभराचे मोठ्याने बोलायचे असते. काय चुकले, कशाची भीती वाटते, कशाबद्दल आभार मानायचे. मोठ्याने बोलण्यात फार फायदा आहे. "मी हात लावला की माती होते" हे मनात खरे वाटते. तेच बायकोसमोर बोला, ती लगेच म्हणेल, "अहो, मागल्या सालचा सोयाबीन काय शेजाऱ्याने पेरला होता?" मनातला आवाज अंधारात वाघ असतो, दिव्यापुढे आला की मांजर निघतो.

बायबलातल्या स्तोत्रांत एक जागा अशी आहे, की भक्त आपल्याच जिवाला दटावून विचारतो, की बाबा, तू असा खचलास का? आणि मग त्याला देवाची आठवण करून देतो. तो जिवाचे नुसते ऐकून घेत नाही, जिवाला उलट प्रश्न करतो. हे करून पाहा. बांधावर बसला आहात, मन म्हणाले, "तुझ्याच्याने काही होणार नाही." विचारा त्याला, कोण बोलतोय? कोणाचा आवाज आहे हा? मास्तरांचा? थोरल्या काकांचा? सावकाराचा? पुष्कळदा नाव सापडते, आणि नाव सापडले की अर्धा जोर जातो.

मात्र एक वेगळी खूण ओळखा. दोन आठवडे उलटले, झोप नाही, अन्न गोड लागत नाही, कामात मन नाही, आणि तो आवाज "तू नसलेलाच बरा" म्हणू लागला, तर तो आता नुसता आवाज राहिलेला नाही. ते दुखणे आहे, आणि दुखण्याला औषध असते. प्रार्थना सोडू नका, पण डॉक्टरही टाळू नका. मलेरियाला आपण नुसत्या नवसावर ठेवत नाही. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर असतात. सरकारचा टेलिमानस म्हणून फोन आहे, नंबर 14416. 2022 पासून तो चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. नंबर घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. आणि घरातला कोणी असे बोलू लागला, तर "काहीतरीच काय बोलतोस" म्हणून त्याला गप्प करू नका. त्याच्याजवळ बसा, फवारणीचे औषध कुलपात ठेवा, आणि त्याला एकटे सोडू नका.

1919 साली टिळक वारले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. टिळकांनी येशूच्या चरित्राचे मोठे काव्य लिहायला घेतले होते, 'ख्रिस्तायन'. त्यांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढे कोण लिहिणार? ज्यांच्यापुढे टिळकांनी चिडून पुस्तक भिरकावले होते, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहायला म्हणून आईला आठवणी विचारू लागला, त्यांतून 'स्मृतिचित्रे' जन्माला आले. पहिला भाग 1934 साली निघाला, तेव्हा बाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. 24 फेब्रुवारी 1936 ला त्या नाशिकलाच वारल्या, जलालपुरापासून काही मैलांवर.

'स्मृतिचित्रे' तालुक्याच्या वाचनालयात बहुधा मिळेल. या सुट्टीत आणा. घरात वाचणारा कोणी असेल त्याला रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचायला बसवा, आणि सोवळ्याच्या प्रकरणापासूनच सुरुवात करा. आजीबाई जाग्या असतील तर त्यांना पुढे बसवा. त्यांच्या लहानपणच्या कितीतरी गोष्टी मग निघतील.